विडी कामगार महिलांसाठी ताण-सामना प्रश्नावली जुळवून घेताना: सोलापुरातील एक प्रकरण अभ्यास

ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातील संस्था, व्यक्ती आणि वस्त्यांचे तपशील बदलले आहेत. निर्णयांचा क्रम आणि त्यामागची कारणं मात्र तशीच ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

सोलापूर शहराचा पूर्व भाग आणि कुंभारीकडची घरकुलं इथे एक सामाजिक संस्था विडी कामगार महिलांसाठी ताण हलका करण्याचे गट चालवत होती. आठवड्याला एक बैठक, एकूण बारा. वर्षभरानंतर निधी देणाऱ्यांनी विचारलं, की अडचण आली की या बायका जे काही करतात त्यात गटामुळे फरक पडतो का? पडत असेल तर मोजून दाखवा.

संस्थेने ‘ब्रीफ कोप’ ही, ताणाला माणूस कसा सामोरा जातो हे मोजणारी प्रश्नावली निवडली, आणि निवड चुकीची नव्हती. चार्ल्स कार्व्हर यांनी ती १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. १९८९ च्या मूळ लांबलचक कोप प्रश्नावलीचं ते आटोपशीर रूप. २८ विधानं, १४ उपमापन्या (देवधर्म, नकार, नियोजन अशी सामन्याची एकेक पद्धत मोजणारे छोटे गट), प्रत्येकीत फक्त दोन विधानं. उत्तरं चार पायऱ्यांची, ‘हे मुळीच करत नाही’ पासून ‘हे खूप करते’ पर्यंत, आणि त्यांना १ ते ४ गुण. वापरायला मोफत, गरजेपुरत्या उपमापन्या निवडायला आणि काळाचा संदर्भ बदलायला खुद्द कार्व्हर यांची मोकळीक. त्यांनी एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली आहे, की या प्रश्नावलीचा ‘एकूण गुणांक’ असा काही नसतो. भारतात होणाऱ्या कामांत ही सूचना इतक्यांदा डावलली जाते की ती इथे मुद्दाम नोंदवावीशी वाटते.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच माहीत असायला हवी. १९९७ च्या लेखात या छोट्या रूपाची चाचणी झाली ती १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळाचा फटका बसलेल्या, अमेरिकेतल्या मायामी परिसरातल्या लोकांवर. म्हणजे ताण कोणता हे उत्तर देणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. तो एका दिवशी आला आणि त्याच्या आधीचं-नंतरचं वेगळं सांगता येत होतं. पूर्व भागात पान-तंबाखू घेऊन घरी बसणाऱ्या, वळलेल्या विड्या कारखान्यात जमा करणाऱ्या आणि हजारी दराने मजुरी घेणाऱ्या बाईचा ताण असा एका तारखेला येत नाही. पाण्याची पाळी, छाननीत बाजूला काढल्या गेलेल्या विड्या, गट-कर्जाचा आठवड्याचा हप्ता, नवऱ्याचं बंद पडलेलं यंत्रमागाचं काम हे सगळं एकात एक गुंतलेलं असतं. या प्रकरणातल्या बहुतेक अडचणींचं मूळ या फरकात आहे.

अडचण कशी लक्षात आली

संस्थेने एका शिक्षकाकडून मराठी भाषांतर करून घेतलं. दुसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत नेलं. उलट-भाषांतर मुळाशी चोख जुळलं, म्हणून सगळे निर्धास्त झाले. वास्तविक ग्रांथिक, शब्दाला शब्द लावलेलं मराठी उलट-भाषांतरात नेहमीच उत्तम जुळतं. त्यातून भाषांतरकारांचं इंग्रजी चांगलं आहे एवढंच सिद्ध होतं.

चाळीस महिलांवर चाचणी झाली. कार्यकर्तीने घरी जाऊन विधानं वाचायची, बाईने उत्तर द्यायचं. हाती आलेल्या तक्त्यात चार गोष्टी खटकल्या.

पहिली, बहुतेक ओळींत सलग एकाच टोकाची उत्तरं होती. देवधर्म, स्वीकार आणि ‘कामात मन गुंतवते’ या विधानांना सरसकट ‘खूप’. दुसरी, नकाराची दोन विधानं (‘हे खरं नाही असं स्वतःला सांगते’ आणि ‘असं घडलंय हे मानायलाच तयार नाही’) उत्तरांत एकमेकांशी अजिबात जुळत नव्हती. तिसरी, नशेच्या दोन्ही विधानांना झाडून सगळ्यांचा ‘मुळीच नाही’. चौथी, मधल्या दोन पायऱ्या जवळजवळ रिकाम्या होत्या.

संस्थेतल्या काहींनी याचा सरळ अर्थ लावला, की इथल्या बायका धार्मिक आहेत, सोशीक आहेत आणि व्यसन करत नाहीत. असा अहवाल लिहूनही झाला असता. तो थांबला तो एका कार्यकर्तीमुळे. ती म्हणाली, मुलाखत संपल्यावर त्याच बाईने दाराशी येऊन हप्त्याचं सगळं सांगितलं, आणि ते कागदावर कुठेच नाही.

यानंतर मानसशास्त्र आणि मापनशास्त्राची जाण असलेल्या दोघा सल्लागारांना बोलावलं गेलं. त्यांनी आधी प्रश्नावलीऐवजी मुलाखती कशा झाल्या हे पाहिलं. सूचनेतला ‘तुमच्या आयुष्यातल्या अमुक तणावाचा विचार करा’ हा भाग कार्यकर्त्या वेळ वाचवायला गाळत होत्या. ताण कोणता हे न ठरल्यामुळे बायका ‘अशा वेळी चांगल्या बाईने कसं वागावं’ याचं उत्तर देत होत्या. शेजारी विड्या वळत सासू किंवा जाऊ बसलेली असायची. आणि अर्ध्याहून अधिक घरांत बोलणं तेलुगूत चालायचं. बायकांना मराठी समजत होतं, पण मनातलं सांगायची भाषा ती नव्हती.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, भाषांतर सुलभ करायचं आणि तेच पुढे चालवायचं. स्वस्त आणि महिन्याभरात होणारं काम. पण ताणाचा उल्लेख गाळणं, सासूची हजेरी, न पेलणाऱ्या पायऱ्या यांतलं काहीच शब्द बदलून सुटणार नव्हतं.

दुसरा, दुसरी तयार प्रश्नावली घ्यायची. लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांच्या परंपरेतली ‘वेज ऑफ कोपिंग’ ही प्रश्नावली चर्चेत आली. तिची ६६ विधानं तोंडी वाचायची तर तासभर लागतो, आणि बाईचा तासभर म्हणजे तिची मजुरी. हा पर्याय पाच मिनिटांत बाद झाला, ते बरंच झालं.

तिसरा, सगळं नव्याने, इथल्याच बायकांच्या बोलण्यातून घडवायचं. सल्लागारांपैकी एकाचा कल इकडे होता आणि त्याची बाजू भक्कम होती. पण नवी मापनी उभी करायला वेळ लागतो, आणि ती बाहेरच्या कुठल्याच अभ्यासाशी ताडून पाहता येत नाही.

चौथा पर्याय म्हणजे २८ विधानांचा गाभा ठेवून तो नीट जुळवायचा, सोबत स्थानिक पुरवणी जोडायची, आणि दोन्हींचे निकाल कधीही एकत्र करायचे नाहीत. हा निवडला गेला. निवडीचं खरं कारण संस्थेचा प्रश्न होता. तिला त्याच बाईचं गटाआधीचं आणि गटानंतरचं पाहायचं होतं, सोलापूरची तुलना मायामीशी करायची नव्हती. तुलना बाहेरच्या देशाशी असती तर गाभ्यातली एकेक छेडछाड महाग पडली असती आणि निर्णय वेगळा घ्यावा लागला असता.

काय केलं गेलं

आधी ऐकणं. भाषांतराला हात लावण्यापूर्वी पंचवीस महिलांशी मोकळं बोलणं झालं. विचारायचं फक्त तीन गोष्टी: गेल्या महिन्यात घरात कसली काळजी होती, त्यावर तुम्ही काय केलंत, घरातल्या बाकीच्यांनी काय केलं. तिसऱ्या प्रश्नाने सगळ्यात जास्त दिलं. ‘मी काही केलं नाही, नणंदेनं भिशी उचलून दिली,’ असं उत्तर मूळ प्रश्नावलीत निष्क्रियता म्हणून नोंदलं गेलं असतं. प्रत्यक्षात भिशी कुणाची लागतेय हे बघून नणंदेपर्यंत गोष्ट पोचवणारी तीच होती.

मग भाषांतर. दोघांनी स्वतंत्रपणे केलं, एक मानसशास्त्राचा जाणकार आणि एक त्याच भागात राहणारी, विषयाशी संबंध नसलेली पदवीधर. दोन्ही मसुद्यांचा मेळ घालून एक केला. उलट-भाषांतर मूळ न पाहिलेल्या व्यक्तीकडून. त्यानंतर सहा जणांचं तज्ज्ञ मंडळ, ज्यात कामगार संघटनेतली एक महिला आणि एक आशा सेविकाही होती. प्रत्येक विधान किती समर्पक आहे हे चार पायऱ्यांपैकी कुठल्या पायरीवर बसतं ते प्रत्येकाने सांगायचं. सहा जण असतील तर विधान टिकायला समर्पक म्हणणाऱ्यांच्या प्रमाणाचा ०.७८ हा प्रचलित उंबरठा लागतो, म्हणजे व्यवहारात सहापैकी पाच जणांची मान्यता.

तेलुगूबाबत एक निर्णय महत्त्वाचा ठरला. हैदराबादहून प्रमाण तेलुगू भाषांतर मागवणं सोपं होतं. पण सोलापूरच्या पद्मशाली (मूळच्या तेलुगू विणकर समाजातल्या) घरांतली तेलुगू पिढ्यान्‌पिढ्या मराठी आणि कन्नडच्या सहवासात राहिलेली आहे, आणि मुलाखत घेणाऱ्या मुली मराठी शाळांत शिकलेल्या. तेलुगू त्या बोलतात, पण तिची लिपी त्यांना सराईतपणे वाचता येत नाही. म्हणून तेलुगू मसुदा इथल्याच बोलीत बांधला आणि देवनागरीत छापला. मंडळातल्या भाषातज्ज्ञाला हे पटलं नाही. पण दारात उभं राहून अडखळत वाचलेल्या शुद्ध वाक्यापेक्षा हे वाक्य बाईपर्यंत नक्कीच चांगलं पोचतं.

विचार-मुलाखती. हा टप्पा बहुतेक प्रकल्प गाळतात, आणि या प्रकरणात सगळ्यात जास्त दुरुस्त्या इथेच झाल्या. तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीत आठ महिला, चार मराठी आणि चार तेलुगू. विधान वाचायचं, उत्तर घ्यायचं, मग विचारायचं: हे तुमच्या शब्दांत सांगा. उत्तर देताना कोणता प्रसंग आठवला? ‘थोडं’ का म्हणालात, ‘खूप’ का नाही?

पहिल्या विधानापाशीच गाडी अडली. ‘मन दुसरीकडे वळावं म्हणून कामात किंवा इतर गोष्टींत लक्ष घालते.’ सगळ्या ‘खूप’ म्हणाल्या. प्रसंग विचारला तर उत्तर आलं, हजार विड्या पुऱ्या करायच्या असतात, लक्ष घालावंच लागतं. म्हणजे ‘खूप’ हे कामाचं ओझं होतं, मन वळवणं नव्हतं. विधानात ‘रोजच्या विड्यांशिवाय’ अशी भर घातल्यावर उत्तरं पसरली. याच उपमापनीचं दुसरं विधान, क्रमांक १९, मुळात सिनेमा, टीव्ही, वाचन, झोप, खरेदी अशी उदाहरणं देतं. तिथे मालिका, भजनी मंडळ आणि शेजारणीच्या ओट्यावर जाऊन बसणं आलं. खरेदी काढली, कारण हप्त्याच्या काळजीत बाजारात जाण्याने काळजी वाढते.

नशेची विधानं मूळ क्रमात चौथी आणि अकरावी येतात. ओळख होऊन पाच मिनिटं झालेली, आणि बाईला दारूचं विचारायचं. बायका आक्रसून जायच्या आणि पुढची दहा विधानं त्या आखडलेल्या मनःस्थितीत जायची. क्रम बदलायचा की नाही यावर बराच खल झाला. अखेर दोन्ही विधानं शेवटी नेली आणि तसं अहवालात नोंदवलं. त्यांत मिश्री आणि तंबाखू जोडणं भागच होतं. पण मिश्री लावणारी बाई ती रोज सकाळी लावते, ताण असो वा नसो. म्हणून प्रश्न दोन टप्प्यांत केला. मिश्री-तंबाखू घेता का? घेत असाल तर या काळजीच्या दिवसांत ती वाढली का? गुण फक्त दुसऱ्या उत्तराला.

नकाराच्या विधानांचं कोडं ताण कोणता हे लिहून घेतल्यावर सुटलं. घरात मृत्यू किंवा अचानक आजार आला असेल तर दोन्ही विधानं समजत होती आणि जोडीने चालत होती. हप्ता थकला असेल तर ‘हे खरं नाही’ याला काही अर्थच उरत नव्हता, कारण वसुलीवाला दर आठवड्याला दारात येतो. शब्द कितीही बदलले तरी ते जुळलं नसतं. विधानं ठेवली, पण त्यांचे गुण फक्त अचानक घडलेल्या प्रसंगांसाठीच मोजायचं ठरलं.

उत्तराच्या पायऱ्या. चार पायऱ्या तोंडी सांगितल्या की पहिली आणि शेवटची लक्षात राहते. म्हणून विचारणं दोन पावलांत केलं: आधी ‘केलं की नाही’, आणि ‘केलं’ असेल तरच ‘थोडं, मध्यम की खूप’, सोबत चित्राचं कार्ड. पहिल्या कार्डावर विड्यांचे लहान-मोठे ढीग काढले होते, परिचित चित्र म्हणून. ते फसलं. ढीग मोठा म्हणजे काम चांगलं झालं, मजुरी जास्त, त्यामुळे बोट आपोआप मोठ्या ढिगाकडे जायचं. त्याजागी लहान, मध्यम, मोठे असे नुसते गोल काढल्यावर मधल्या पायऱ्या भरू लागल्या. चित्र ओळखीचं असावं हा सल्ला सगळीकडे दिला जातो. ते ज्या गोष्टीचं आहे तिचं त्या माणसाच्या लेखी मोल काय, हेही पाहायला हवं.

काळाचा संदर्भ ‘गेले चार आठवडे’ असा होता. तो सणावारांना बांधला. जानेवारीतल्या मुलाखतींत ‘गड्ड्याची यात्रा (संक्रांतीची सिद्धरामेश्वरांची यात्रा) लागल्यापासून’ म्हटलं की बायका नेमक्या तिथे पोचायच्या.

स्थानिक पुरवणी. मोकळ्या बोलण्यातून आलेल्या यादीतून दहा विधानं निघाली: बचत गटातून किंवा भिशीतून पैसे उचलले, दागिना गहाण ठेवला, रात्री जागून जास्त विड्या वळल्या, माहेरी सांगितलं, नवस बोलला, घरात कुणाला कळू दिलं नाही, स्वतःचं औषध-पाणी मागे टाकलं, अशी. शेवटच्या विधानावर मंडळात सगळ्यात जास्त वाद झाला. हा सामना आहे की स्वतःची आबाळ? निर्णय असा झाला, की विधान राहील, पण त्यावर चांगलं-वाईट असा शिक्का बसणार नाही. बाईने औषध थांबवून मुलाची फी भरली असेल तर तिच्या दृष्टीने तो उपायच असतो. कार्यक्रमाला ते कळणं फार गरजेचं आहे, कारण हे उत्तर ‘खूप’ आलं तर तिला आधी दवाखान्याची वाट दाखवावी लागते.

मुलांना विड्या वळायला बसवणं हेही यादीत आलं होतं. ते गाळलं. कायद्याने धोकादायक ठरलेल्या कामाबद्दल नावानिशी कबुली कागदावर घेणं म्हणजे बाईला अडचणीत टाकणं होतं.

पुरवणीच्या विधानांची बेरीज करायची नाही हेही ठरलं. दागिना गहाण ठेवला तर भिशी उचलायची गरज पडत नाही. विधानं एकमेकांची जागा घेतात, एकमेकांसोबत वाढत नाहीत. अशांवर अल्फा (विधानं एकमेकांशी किती मेळ खातात याचा आकडा) काढला तर तो कमी येणारच, आणि त्यावरून विधानं रद्द करणं ही शुद्ध चूक ठरेल. पुरवणी एकेक विधानाने वाचायची.

निष्पत्ती

मुख्य चाचणी सुमारे तीनशे महिलांवर झाली. दुपारी, वळलेल्या विड्या जमा करून बाई परतल्यावर, आणि शक्य तिथे अंगणवाडीच्या खोलीत, म्हणजे सासूचा प्रश्नच उरला नाही. संमती वाचून दाखवून घेतली. अंगठा असेल तिथे संस्थेबाहेरची साक्षीदार. मुलाखतीत कुणी जिवाचं बरंवाईट करण्याचं बोललं तर काय करायचं याची लेखी पद्धत होती, सरकारच्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आणि त्याच दिवशी समुपदेशकाची भेट.

उपमापनीत दोनच विधानं असल्याने अल्फाऐवजी दोन विधानांच्या मेळासाठी योग्य असा स्पिअरमन-ब्राऊन गुणांक वापरला. उत्तरं पायऱ्यांची असल्याने घटक-विश्लेषणही (कोणती विधानं एका गटात बसतात हे तपासणंही) क्रमवार उत्तरांना चालणाऱ्या पद्धतीनेच केलं. नियोजन, प्रत्यक्ष कृती, भावनिक आधार, देवधर्म आणि स्वतःला दोष देणं या उपमापन्या चांगल्या उभ्या राहिल्या. विनोदाची मध्यम. एकत्र विड्या वळताना बायका मुकादमावर भरपूर हसतात, पण ‘परिस्थितीची चेष्टा’ एकटीने केल्याचं कुणी सांगत नाही. स्वीकार आणि प्रयत्न सोडणं यांची सीमा इथे धूसरच राहिली. या दोन्हींचे गुण अहवालात दिले, पण त्यांवर कोणताही निष्कर्ष टेकवला नाही.

मराठी आणि तेलुगू गटांत प्रश्नावलीची रचना सारखी निघाली, आपापल्या उपमापनीतलं विधानांचं वजनही बहुतांशी सारखं. पण उत्तराच्या पायऱ्यांचे उंबरठे, म्हणजे ‘थोडं’वरून ‘मध्यम’वर, ‘मध्यम’वरून ‘खूप’वर जाण्याची ठिकाणं, जुळले नाहीत. याचा व्यवहारातला अर्थ असा, की ‘तेलुगू बोलणाऱ्या बायका जास्त देवधर्म करतात’ असं एकही वाक्य या आकड्यांवरून लिहिता येत नाही. सरासऱ्यांचा तुलनात्मक तक्ता मसुद्यात होता, तो काढला. निधी देणाऱ्यांना तो हवा होता. न देण्याचं कारण त्यांना एका पानात लिहून दिलं आणि ते त्यांनी मान्य केलं.

काय वेगळं करता आलं असतं

मोकळं ऐकणं पहिल्याच आठवड्यात झालं असतं तर चाळीस महिलांची पहिली चाचणी आणि तिचा खर्च वाचला असता. तेलुगू मसुदा मराठीचं भाषांतर म्हणून तयार झाला. दोन्ही इंग्रजीवरून एकाच वेळी, एकमेकांकडे बघत बांधले असते तर उंबरठ्यांतला काही फरक कदाचित टळला असता. मराठीत जे सैल राहिलं ते तेलुगूत तसंच उतरलं.

हप्त्याच्या वसुलीचा वार नोंदवायचं राहून गेलं. वसुलीच्या आदल्या दिवशी घेतलेली मुलाखत आणि नंतरच्या दिवशीची मुलाखत यांत फरक असणार हे उघड आहे, पण तो आता आकड्यांतून वेगळा काढता येत नाही. फॉर्मवर एक चौकट पुरली असती. तसंच दोन आठवड्यांच्या अंतराने घ्यायची फेर-चाचणी नेमकी संक्रांतीच्या अलीकडे-पलीकडे पडली. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत नवस, उपवास, दर्शन वाढतात, आणि देवधर्माच्या उपमापनीची स्थिरता कमी दिसली ती त्यामुळे की प्रश्नावलीमुळे, हे सांगता येत नाही. फेर-चाचणी सण नसलेल्या पंधरवड्यातच घ्यावी.

संस्थेला आता हीच प्रश्नावली यंत्रमाग कामगार पुरुषांसाठी हवी आहे. ती तशीच उचलून चालणार नाही. ‘रोजच्या विड्यांशिवाय’ ही भर तिथे गैरलागू आहे, नशेच्या विधानांतला मिश्रीचा टप्पा बदलून दारू आणि गुटख्याचा करावा लागेल, मुलाखत पाळी सुटण्याच्या वेळा बघून ठरवावी लागेल. निदान विचार-मुलाखतींच्या दोन फेऱ्या आणि मोकळ्या बोलण्याची नवी यादी, एवढं केल्याशिवाय मुख्य चाचणी सुरू करू नये, असं सल्लागारांनी लेखी कळवलं आहे.